सबनीसांचा विचार सुरू आहे

दसऱ्याला सोनं द्यायला सबनीसांकडे जायचं असेल तर जेवूनच जावं. त्या दिवशी त्यांच्या डायनिंग टेबलावर ताट ठेवायला जागा नसते. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर चार लष्करी बंदुका ओळीनं निजलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळी, म्हणजे बंदुकीला जिथे कपाळ असावं असं सबनीसांना वाटतं तिथे, हळदकुंकू. शेजारी जुना स्टेथोस्कोप आणि मिक्सर. मिक्सर त्यांच्या बायकोचा, शैलाचा. "शस्त्रांची पूजा आहे ना? मग माझंही मांडा," असं ती एका वर्षी म्हणाली, तेव्हापासून मिक्सरलाही माळ.

हे सगळं प्लेनोत, टेक्ससमध्ये.

डॉक्टर मनोहर सबनीस आमच्या मागच्या गल्लीत राहतात. फॅमिली डॉक्टर म्हणून अर्ध्या गावाचे खोकले त्यांनी ऐकले, आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. अंगानं काटकुळे, खिशाला कायम पेन, आणि बोलणं इतकं सावकाश की त्यांचं वाक्य संपेपर्यंत आपला चहा गार होतो. घरात माशी शिरली तर हा माणूस तिला मारत नाही. दार उघडून उभा राहतो आणि तिला वाट दाखवतो. असा माणूस जुन्या युद्धांतल्या बंदुका जमवतो. चार देशांच्या चार. त्यांना नावंसुद्धा आहेत. जड आणि कुरकुरणारी ती आत्याबाई, लांब सडपातळ ते बापूसाहेब. काडतूस मात्र घरात एकही नाही. "वहिनी, गोळ्या मी जन्मभर लोकांना दिल्या," ते मला सांगतात, "आता घरात नकोत."

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: "विचार सुरू आहे." हॉटेलात वेटर समोर उभा असतो आणि विचार सुरू असतो. एकदा त्यांनी सोफा घ्यायचं काढलं. माप घेतलं, कापडाचे तुकडे आणून खिडकीत लावले, उन्हात रंग उडतो का हे बघण्यासाठी पुढचा उन्हाळा येऊ दिला. त्यात एक हिवाळा गेला, दुसरा गेला, पाहुणे खाली सतरंजीवर बसत राहिले. शेवटी शैला एकटी दुकानात गेली. ती घरी परत पोचली तेव्हा सोफ्याचा ट्रक तिच्या मागोमाग दारात. सबनीस त्यावर बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "माझाही विचार याच्याच आसपास आला होता."

आता थोडं माझ्याबद्दल. तेव्हाची मी हा त्या बंदुकांपेक्षाही मोठा विनोद होता.

पुण्याहून आले तेव्हा माझी कमरेपर्यंत वेणी होती आणि डोक्यात भीती होती की ऑफिसात कुणाला खोबरेलाचा वास येईल. रोज सकाळी मी केसांना इतका शांपू चोळायची की ऑफिसात माझ्या डोक्याला कृत्रिम सफरचंदांचा वास यायचा. तरी शंका जाईना. एक दिवस वेणीच कापून टाकली आणि मला वाटलं, झाले मी अमेरिकन. खरं म्हणजे फक्त मान गार पडली होती.

सबनीसांकडची पहिली बंदूक पाहिली तेव्हा मी सोफ्यामागे बसले. तोच सोफा. बंदूक भिंतीवर, रिकामी, समोर चहा, आणि मी खाली. मग धीर आल्यावर उठून मी शैलाला अहिंसेवर भाषण दिलं, चांगलं लांबलचक. शैला भेंडी चिरत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? दुसऱ्या चहात साखर किती घालू?" त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं तेव्हा तर मी पुढाकार घेऊन चारही बंदुका खाली काढायला लावल्या आणि कोपऱ्यातल्या दिवाणावर ठेवून वर चादर घातली. चादरीखाली चार लांब आकार. आलेल्या बायका वाण हातात पडताच पटापट उठल्या. "काल एवढ्या लवकर का पांगल्या सगळ्या?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. शैला म्हणाली, "त्यांना वाटलं, मी चारही सासरे झाकून ठेवलेत."

त्या घरातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट रविवारी सकाळची. मागच्या अंगणात शैला बुटक्या स्टुलावर केस मोकळे सोडून बसलेली, वाटीत कोमट खोबरेल, आणि सबनीस तिच्या डोक्याला तेल लावतायत. शैलाचे केस शेवटपर्यंत लांब होते. तिनं कधी कुणाच्या वासाची पर्वा केली नाही. तेल लावून झालं की वाटीत उरलेलं तेल बंदुकांना. दस्त्याच्या लाकडालाही तेच आणि आतल्या लोखंडालाही तेच.

याचा व्हायचा तो परिणाम एका फेब्रुवारीत झाला. आमच्याकडे सहसा थंडी बेताची, पण त्या वर्षी सगळं गोठलं, वीज गेली, नळ फुटले. कडाका जरा ओसरल्यावर सबनीसांनी आत्याबाईंचा बोल्ट ओढून पाहिला. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा पुढेमागे सरकणारा दांडा. तो सरकेना. आत खोबरेलाचा दगड झाला होता. ते तिला शालीत गुंडाळून डेलच्या दुकानात घेऊन गेले. डेल हा जुन्या बंदुकांचा दुकानदार, छातीपर्यंत पांढरी दाढी, शब्द मोजके. त्यानं बोल्टला नाक लावलं. मग बायकोला हाक मारली. तिनं वास घेतला.

"डॉक," डेल म्हणाला, "हिला मिठाईचा वास का येतोय?"

पुढे त्याला खाचेत कुंकूही सापडलं. तो आधी गंज समजून घासत बसला होता. सबनीसांनी त्याला पूजेचं महत्त्व समजावून सांगितलं. डेलनं सगळं शांतपणे ऐकलं आणि बंदुकीच्या खास तेलाचा डबा त्यांच्या हातात ठेवला. सबनीसांनी आभार मानले, डबा घरी आणला, फळीवर ठेवला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा खोबरेल. मी म्हटलं, "अहो भाऊजी, तो बिचारा सांगतोय ना!" त्यावर उत्तर ठरलेलं. विचार सुरू आहे.

शैला जाऊन आता तीन वर्षं होत आली. आजार झटपट उरकला, तिच्या सगळ्या कामांसारखाच. मुलगा निखिल दूर नेपरव्हिलला असतो, तिथे चला म्हणून मागे लागला. त्यावरही विचार सुरू राहिला. सबनीस होते तसेच दिसत. खिशाला पेन, दसऱ्याला टेबलावर चादर, मिक्सरला माळ. रविवारी सकाळी मात्र ते दार लवकर उघडत नसत.

अशात डेलचा फोन आला. सबनीसांनी मला विचारलं, "वहिनी, एक बघायला जायचंय. येता?" शैला गेल्यापासून हायवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलंय, म्हणून गाडी माझी. आमचे हे म्हणाले, "तू पंचाहत्तरीत बंदूक बघायला निघालीस, मी जेवायचं काय?" मी म्हटलं, "विचार करा."

दुकानात लोखंडाचा आणि कॉफीचा वास. डेलनं काउंटरवर एक फडकं पसरलं आणि वर बंदूक ठेवली. जुनी, दस्ता घासलेला, नाक चपटं. "डॉक, ही तुमच्याकडची आहे," तो म्हणाला आणि बोटानं धातूवरचा शिक्का दाखवला. भारतात बनलेली. थ्री नॉट थ्री. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर लहानपणी पाहिलेली तीच. कुठल्याशा सरकारी कोठारातून विकली गेली, दर्यापार आली आणि इथे भिंतीला टेकून बसली. मला आमचीच आठवण झाली. मी डेलला विचारलं, "हिच्याकडे ग्रीन कार्ड आहे ना?"

आता इतिहासावर व्याख्यान होणार म्हणून मी खुर्ची शोधली.  पण सबनीसांनी ती उचलली, दस्ता गालाला लावला आणि डोळे मिटले.  मग अलगद खाली ठेवली.

"घेणार?" डेलनं विचारलं.

"विचार सुरू आहे."

झालं. दर आठवड्याला आमची वारी दुकानात. जायचं, बंदूक बघायची, कॉफी प्यायची, परत यायचं. मार्च गेला, एप्रिल गेला. मी म्हणायची, "भाऊजी, मुलगी पसंत असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही कळवा. डेलनं ती किती दिवस सजवून बसवायची?" डेलनं तर दोरीनं तिला एक चिठ्ठी बांधली होती, गिऱ्हाइकांसाठी: डॉक इज थिंकिंग.

निखिलला हे कळलं आणि त्याचा मला फोन आला. "काकू, बाबा आणखी एक गन घेतायत? सीरियसली? ते त्या घरात एकटे असतात. तू बोल ना त्यांच्याशी."

"अरे, त्यांच्याकडे काडतूस नाही एकसुद्धा. आणि ते घेणार कधी? तुझ्या रिटायरमेंटला."

"काकू, आय ॲम नॉट जोकिंग."

मी जोकिंगच करत होते. मला वाटलं, इथं वाढलेली मुलं, बंदूक म्हटली की घाबरतात, मी नव्हते का सोफ्यामागे बसले? उलट मीच सबनीसांना म्हणायला लागले, "घेऊन टाका एकदाची. तेवढाच जिवाला विरंगुळा."

सप्टेंबरात त्यांची वार्षिक तपासणी होती. तिथून तसंच डेलकडे जायचं, असा बेत. मी दवाखान्याबाहेर गाडीत एसी लावून बसले होते. ते आले, शेजारी बसले, पण पट्टा लावेनात.

"वहिनी, निघायच्या आधी एक सांगू?"

"सांगा. पण तुमच्या वेगानं नको, पेट्रोल संपेल."

ते हसले नाहीत. "नवी डॉक्टर आहे. मुलगी चांगली आहे. तिनं विचारलं, एकटे राहता का. म्हटलं, हो. घरात बंदुका आहेत का. म्हटलं, चार आहेत, पाचवीचा विचार सुरू आहे. मग विचारलं, मन कसं असतं."

"मग?"

"म्हटलं, छान. उत्तम." त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा लावलं. "वहिनी, हेच प्रश्न मी जन्मभर विचारले. याच क्रमानं. आणि जो म्हातारा इतक्या पटकन 'उत्तम' म्हणायचा ना, त्याला मी लगेच घरी जाऊ देत नसे. खुर्ची पुढे ओढून बसायचो. ही माझी सवय होती, कुणी शिकवलेली नव्हती." त्यांनी पट्टा ओढला, सोडला. "तिनं खुर्ची पुढे ओढली."

मी एसीचा आवाज कमी केला. 

"मग मी तिला खरं काय ते सांगितलं. रविवारची सकाळ जात नाही म्हणालो. बाकी सगळे वार जातात, कसेतरी. रविवारी वाटी घेऊन बसतो आणि नको नको ते मनात येतं. ती म्हणाली, थोडे दिवस बंदुका दुसरीकडे ठेवाल का?"

"पण काडतूस तर..."

"मीही तेच म्हणालो. माझे पेशंटही हेच म्हणायचे. मी त्यांना सांगायचो, नसेना का, तरी ठेवा दुसरीकडे. ते म्हणायचे, विचार करतो डॉक्टर." आता त्यांनी पट्टा लावला. "मी म्हणायचो, यात विचार करायचा नसतो. चला, आधी घरी. चौघांना घेऊ."

इतक्या वर्षांत सबनीसांनी एका दमात घेतलेला हा एकच निर्णय मी पाहिला. आम्ही चौघांना शालींत गुंडाळलं आणि गाडीत निजवलं. आत्याबाई मागच्या सीटवर, बापूसाहेब तिरके, त्यांचे पाय माझ्या खांद्याशी. हायवेवर मी सगळ्यात सावकाश लेनमधून चालले होते, लोक हॉर्न वाजवून पुढे जात होते, आणि मला हसू येत होतं. ती शांपूवाली बाई मला अशी बघती तर गाडीतच बेशुद्ध पडली असती. हसता हसता डोळे पुसावे लागले ते वेगळं.

डेलच्या दुकानामागे जाड दाराची खोली आहे. लोक तिथे बंदुका सांभाळायला ठेवतात. सबनीसांनी त्याला कारण सांगितलं, जसंच्या तसं, दोन वाक्यांत. डेलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्या भावाच्याही ठेवल्या होत्या मी," एवढंच म्हणाला, आणि एकेकीला लेकराला घ्यावं तसं उचलून आत नेलं. किल्ली आपल्याच कमरेला लावली.

काउंटरवर ती पाचवी होतीच, गळ्यात चिठ्ठी अडकवलेली.

"आणि हिचं काय, डॉक? मला एक सांगा, बाकीच्या चार घेताना तुम्ही एवढा वेळ घेतला नव्हता. हिच्यात काय आहे?"

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. आणि ती गोष्ट सांगितली, जी आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती.

अमरावतीत कॉलेजात असताना छात्रसेनेचा कॅम्प होता. मुलींना नेमबाजीला हलकी बंदूक द्यायचे. एका मुलीनं उस्तादांशी भांडून मोठी घेतली. थ्री नॉट थ्री. तिच्या शेजारच्या जागेवर पोटावर पडून सबनीस. गोळीबार झाला. उस्ताद लक्ष्याचे कागद बघायला गेले, तर सबनीसांचा कागद कोराच्या कोरा, आणि त्या मुलीच्या कागदावर तिनं झाडल्या त्याहून जास्त भोकं. उस्ताद ओरडले, "सबनीस! निशाणा कुठे धरला होतास?" सबनीस, सबनीसच ते, पडल्या पडल्या म्हणाले, "विचार करत होतो, सर." सगळी रांग हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. संध्याकाळी चहाच्या रांगेत येऊन म्हणाली, "माझा नंबर पहिला आला. त्यात तुमची दोन भोकं आहेत. पेढा हवा असेल तर घ्या."

"शैला?" मी विचारलं, उगाचच.

"ती म्हणायची, जगातली कुठलीही घ्या, पण थ्री नॉट थ्री घरात आणायची नाही. आणलीत तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगाल, आणि मला लाजून आत जाऊन बसावं लागेल." त्यांनी दस्त्यावरून बोट फिरवलं. "म्हणून विचार करतोय. मला हवीय. पण तिनं नको म्हटलंय. आता ती परवानगीही देऊ शकत नाही."

डेल दाढीत बघत उभा. मी आयुष्यात पुष्कळ आगाऊपणा केलाय, त्यातला हा एक मला आवडतो. मी म्हटलं, "भाऊजी, ती नक्की काय म्हणाली होती? घरात नको. बरोबर? दुकानाबद्दल काही बोलली होती का?"

सबनीसांनी विचार केला. खरा. 

"नाही," ते म्हणाले. "दुकानाबद्दल काही बोलली नव्हती."

डेलनं गळ्यातली चिठ्ठी सोडली.

तर आता थ्री नॉट थ्री सबनीसांची आहे आणि राहते डेलकडे. खुर्ची पुढे ओढणाऱ्या त्या नव्या डॉक्टरकडे ते नेमानं जातात. निखिल थॅंक्सगिव्हिंगला येऊन गेला आणि वडिलांबरोबर चक्क दुकानात तासभर बसला. यंदाचा दसरा तिथेच झाला. काउंटरवर पांढरी चादर, पाच बंदुका आणि मिक्सर. एका गिऱ्हाइकानं मिक्सरची किंमत विचारली. आणि शैलाची भीती तंतोतंत खरी ठरली: दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट ऐकावी लागते. सबनीस वाटेत थांबले तर पुढचं डेल सांगतो. त्याच्या तोंडी ती भोकं दोनाची चार झालीयत.

रविवारी सकाळी डेल आमच्यासाठी दुकान लवकर उघडतो. त्याच्यात आणि सबनीसांत तह झालाय. लोखंडाला डेलचं तेल, लाकडाला खोबरेल. थंडीत वाटी हीटरजवळ ठेवतात. सबनीस बाटली तिरपी करतात आणि वाटीत ठरावीक जागेपर्यंत तेल आलं की थांबतात. पाच दस्ते चोळून होतात, तरी दर वेळी तेल उरतं. किती, तर लांब केसांच्या एका डोक्याला लागेल इतकं. मग ते वाटी मांडीवर घेऊन नुसते बसतात.

एकदा मी म्हटलं, "भाऊजी, थोडं कमी ओतलं तर?"

"विचार सुरू आहे," ते म्हणाले.

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि तिथेच, बंदुकांच्या दुकानात, माझ्या कापलेल्या केसांना तेल चोळायला लागले. डेलनं नाक वर करून वास घेतला. आता दर रविवारी हेच. सोमवारपर्यंत मी शांपूला हात लावत नाही.

माझ्या एवढ्याशा केसांत ते सगळं काही जिरत नाही. थोडं उरतंच. तेवढं आम्ही वाटीत तसंच राहू देतो.